परिस्थिती बदलणार नसेल, तर उपचार कशाला?

पत्र

ताई, माझं वय एकतीस. एका मोठ्या कार्यालयात कंत्राटावर काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर हेच काम करणारी सहकारी कायम नोकरीत आहे, तिचा पगार माझ्या दुपटीहून जास्त. आमच्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या कोण कोण आहे ते कळतं. कंत्राट पुढे वाढणार की नाही, हे दर वेळी शेवटच्या आठवड्यात समजतं. वडिलांच्या आजारपणात कर्ज काढलं होतं. वडील गेले, कर्ज राहिलं. घरी आई आणि शिकणारा धाकटा भाऊ.

रात्री तीनला जाग येते आणि डोक्यात हिशेब सुरू होतो. महिनाअखेरीला कामात चुका होतात, साहेब म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मैत्रिणींचे फोन उचलत नाही, कारण भेटायचं म्हटलं की खर्च आला. पूर्वी वाचायला आवडायचं, आता एक पान पुरं होत नाही. भूक गेली आहे. डॉक्टरांकडे गेले तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," एवढंच म्हणाले. कार्यालयातल्या एका वरिष्ठ मॅडमशी बोलले, तर त्या म्हणाल्या, "गरिबीतून वर आलेली किती माणसं आहेत! मन खंबीर ठेव. जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा." तेव्हापासून मला माझीच लाज वाटते. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी जागच येऊ नये. तसं काही करायचं मनात नाही, काळजी करू नका.

मला विचारायचंय, हा माझ्या मनाचा दुबळेपणा आहे की परिस्थिती? आणि परिस्थितीच असेल तर डॉक्टर, समुपदेशक काय करणार? गोळ्यांनी कर्ज थोडंच फिटणार आहे? आणि हे सगळं आईला सांगू का?

उत्तर

प्रिय वाचक मैत्रिणी,

तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी "सकाळी जागच येऊ नये" हे वाक्य घेते. ते लिहून लगेच तुम्ही "काळजी करू नका" असं म्हणून त्यावर पांघरूण घातलंत. काही करायचं मनात नाही, यावर माझा विश्वास आहे. तरीही असा विचार ज्याच्या मनात येतो, त्याने तो एकट्याने सांभाळू नये. याच आठवड्यात हे वाक्य एका माणसाला जसंच्या तसं सांगा. डॉक्टर, मैत्रीण, भाऊ, कोणीही चालेल. "जरा बरं वाटत नाही" अशी पातळ भाषा नको, हेच वाक्य सांगा. बोलल्याने असे विचार बळावतात ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना बोलल्यावर सुटल्यासारखं वाटतं. आणि विचार कधी "कसं करायचं" या दिशेने वळला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. आईला उठवा, हेल्पलाइनला फोन करा, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. त्या वेळी खर्चाचा विचार बाजूला ठेवायचा, हे आजच ठरवून ठेवा. रात्री तीन वाजता ते ठरवता येत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मला गोल गोल द्यायचं नाही. तुम्ही जे भोगताय तो दुबळेपणा नाही.

लंडनमध्ये 1967 साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. सुमारे 18 हजार पुरुष. सगळ्यांना नियमित पगार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. उपाशी किंवा बेघर त्यात कोणी नव्हतं. वरच्या साहेबांच्या डोक्यावर जबाबदारी जास्त, म्हणून हृदयविकार त्यांनाच जास्त होत असणार, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले, तेव्हा निघालं उलटंच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट मधल्या श्रेणींची. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूस, ज्याचं बरं चाललंय असं कोणीही म्हणेल, तोसुद्धा पहिल्या पायरीवरच्या माणसापेक्षा लवकर मरत होता. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं, तरी फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला.

पुढे 1985 पासून याच नोकरवर्गाचा दुसरा अभ्यास झाला, त्यात स्त्रियाही होत्या, एकूण 10 हजारांहून जास्त माणसं. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: आपल्या कामावर आपला ताबा किती. कोणतं काम आधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं, हे ठरवायची मुभा ज्यांना कमी होती त्यांना हृदयविकार जास्त झाला. काम भरपूर आणि अधिकार शून्य, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पोखरते, असं संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुमच्या पत्रातली ओळखपत्राची पट्टी आणि शेवटच्या आठवड्यात कळणारं कंत्राट, या दोन गोष्टी तुम्ही सहज ओघात लिहिल्यात. मला त्या पत्राच्या गाभ्याशी वाटतात. पगार कमी असणं ही एक गोष्ट झाली. रोज सकाळी गळ्यात आपली पायरी अडकवून कामावर जाणं, आणि पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असणं, ही वेगळी. धोका समोर येऊन निघून गेला तर शरीर पुन्हा शांत होतं. तो कधीच पुरता येत नाही आणि कधीच पुरता जात नाही, तेव्हा शरीर सतत पहारा देत राहतं. झोप उडते, भूक जाते, छाती धडधडते. तुमचे रिपोर्ट नॉर्मल आले, कारण ज्या गोष्टी तपासल्या त्या नॉर्मल होत्या. त्रास खोटा होता असा त्याचा अर्थ होत नाही.

एकाच ठिकाणी राहणाऱ्या माणसांमध्ये सर्वांत कमी उत्पन्न असलेल्यांना नैराश्य आणि चिंतेचे विकार सर्वांत जास्त उत्पन्न असलेल्यांपेक्षा दीडपट ते तिप्पट आढळतात. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातला हा आकडा आहे. एवढी माणसं एकाच वेळी, एकाच दिशेने मनाने दुबळी कशी निघतील?

तुमच्या मॅडम म्हणतात तशी, गरिबीतून वर आलेली माणसं आहेतच. लंडनच्या त्या अभ्यासातही खालच्या श्रेणीतले बहुतेक जण ठीक होते. धोका वाढतो याचा अर्थ प्रत्येकाला फटका बसतो असा नाही. पण जे सुटले त्यांच्याकडे बोट दाखवून ज्यांना लागलं त्यांना गप्प करणं हा न्याय नव्हे. वर आलेल्या माणसाच्या पाठीशी कोण होतं, ऐन वेळी कोणाचा हात मिळाला, घरात आजारपण निघालं की नाही, हे त्या एका वाक्यात कुठेच येत नाही. मॅडमनी ते वाईट हेतूने म्हटलं असेल असं मला वाटत नाही. समोरच्याचं दुःख ऐकवेनासं झालं की माणसं असं काहीतरी बोलून मोकळी होतात. कृतज्ञतेचंही तसंच. ती स्वतःच्या मनातून उगवली तर आधार देते. दुसऱ्याने बजावली तर तिचा अर्थ एवढाच उरतो की तक्रार करू नकोस. त्या बोलण्यानंतर तुम्हाला लाज वाटायला लागली, हीच मला त्या संभाषणातली सर्वांत मोठी हानी वाटते.

लाजेबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तुमच्या पत्रात ती सगळीकडे आहे. रॉबर्ट वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांत तंगीत जगणाऱ्या लोकांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. युगांडा, भारत, चीन, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, ब्रिटन आणि नॉर्वे. गरिबी म्हणजे काय, याचा अर्थ या सात ठिकाणी अगदी वेगळा. नॉर्वेतल्या गरीब माणसाकडे जे आहे ते युगांडातल्या खेड्यात श्रीमंती ठरेल. पण लाज सगळीकडे सारखी भेटली. आणि लाज वाटल्यावर माणसं जे करतात तेही सारखंच: सगळं ठीक असल्याचं दाखवायचं, लोकांत जायचं टाळायचं, मनातल्या मनात स्वतःला दोष द्यायचा. तुम्ही मैत्रिणींचे फोन उचलत नाही, तेव्हा तुम्ही नेमकं हेच करत असता. तुम्हाला वाटतं, खर्च वाचवतेय. खर्च वाचतोही. पण त्याबरोबर ज्या चार माणसांत तुम्ही कुठल्याही पट्टीविना वावरत होता, ती माणसंही हातची जातात.

आता महिनाअखेरीच्या चुका. साहेबांना तो निष्काळजीपणा वाटतो आणि तुम्हीही ते मान्य करून टाकलेलं दिसतं. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेलं एक संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. उसाचे पैसे वर्षातून एकदाच, तोडणीनंतर मिळतात. त्यामुळे तोच शेतकरी तोडणीच्या आधी तंगीत असतो आणि नंतर काही काळ सुस्थितीत. संशोधकांनी साडेचारशेहून जास्त शेतकऱ्यांना दोन्ही वेळा बुद्धीला ताण देणारी कोडी घातली. तोच माणूस, तीच बुद्धी, पण तोडणीच्या आधी तो जास्त चुकत होता. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवून बसते, उरलेल्या जागेत बाकीचं सगळं करावं लागतं. तुमचा हिशेब रात्री तीनला संपत नाही, दुपारी तीनलाही तो चालूच असतो. त्यातूनही तुम्ही काम निभावून नेताय, हे साहेबांना दिसलं नाही तरी निदान तुम्हाला दिसायला हवं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो तुम्ही विचारलात हे मला फार आवडलं. परिस्थितीच कारण असेल, तर उपचार कशाचा करायचा?

इथे एक गल्लत होते, आणि चांगली शिकलेली, विचार करणारी माणसंही ती करतात. दुखण्याचं कारण बाहेर आहे म्हणजे इलाजही फक्त बाहेरच असणार, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. युगांडाच्या नैर्ऋत्य भागातल्या 30 खेड्यांत नैराश्याने ग्रासलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. एड्सच्या साथीने आणि गरिबीने पिळून निघालेला हा भाग. काही खेड्यांत लोकांचे छोटे गट केले. स्थानिक माणसांनाच प्रशिक्षण दिलं आणि 16 आठवडे, आठवड्यातून एकदा, त्या गटांत ठरलेल्या पद्धतीने बोलणं झालं. बाकीच्या खेड्यांत नेहमीचं आयुष्य चालू राहिलं. सुरुवातीला गटातल्या 86 टक्के लोकांमध्ये नैराश्याचं निदान होत होतं, शेवटी ते 6.5 टक्क्यांवर आलं. ज्या खेड्यांत गट नव्हते तिथे ते 94 टक्क्यांवरून 54.7 टक्क्यांवर आलं. कोणाला पैसे वाटले नव्हते, कोणाचं घर बदललं नव्हतं. तीच गरिबी, तेच खेडं. नैराश्य मात्र उतरलं.

कर्ज फिटणार नाही हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. गोळी कर्ज फेडत नाही. पण कर्ज फेडायला जी बाई लागते, सावकाराशी किंवा बँकेशी बोलायला, कागद वाचायला, दुसरी नोकरी शोधायला, भावाला चार गोष्टी सांगायला, ती आज रात्री तीनपासून जागी आहे आणि तिला एक पान वाचवत नाही. शिवाय तंगी आणि नैराश्य यांचं नातं उलट्या दिशेनेही काम करतं. नैराश्य आलं की काम बिघडतं, काम बिघडलं की मिळकत धोक्यात येते, मिळकत गेली की नैराश्य वाढतं. हे चक्र कुठूनतरी तोडावं लागतं. आणि जिथे तुमचा हात पोचतो तिथूनच ते तोडावं लागणार. कंत्राट कायम करणं तुमच्या हातात नाही. झोप परत मिळवणं बऱ्याच अंशी आहे.

पैशाने काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तशी खोटी समजूत घालणारी माणसं तुम्हाला पुष्कळ भेटतील. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचा एक अभ्यास चालू असताना, 1990च्या दशकात चेरोकी या मूलनिवासी समाजाच्या वस्तीत कॅसिनो उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा त्या समाजातल्या प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. कोणी मागितला नव्हता, कोणी त्यासाठी पात्र ठरायचं नव्हतं. या पैशाने जी कुटुंबं गरिबीच्या वर आली, त्यांच्या मुलांमधले हट्टीपणाचे, भांडखोरपणाचे, वर्तनाचे त्रास इतके कमी झाले की ती कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या रांगेत येऊन बसली. संशोधकांनी कारण शोधलं, तेव्हा दिसलं की आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला होता. आईवडील तेच होते. आधी ते वाईट होते आणि नंतर चांगले झाले असं नाही, त्यांच्या मानगुटीवरचं ओझं थोडं हललं होतं. मात्र मुलांमधली चिंता आणि नैराश्य यांत त्या पैशाने फारसा फरक पडला नाही. म्हणून मला वाटतं, चांगल्या पगाराची, कायम नोकरीची, कर्जमुक्तीची मागणी ही मानसिक आरोग्याचीच मागणी आहे आणि ती लावून धरायला हवी. आणि ती पुरी होईपर्यंत नैराश्यावर उपचार थांबवून ठेवायचे नाहीत.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पत्रावरून मी निदान करू शकत नाही आणि करू नये. पण पहाटे लवकर जाग येणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, भूक जाणं, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं आणि मरणाचे विचार, हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ असेल, तर कोणताही मनोविकारतज्ज्ञ आधी नैराश्याचाच विचार करेल. पुन्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा "टेन्शन आहे" असं म्हणू नका. त्या शब्दावर तुम्हाला तेच जुनं उत्तर मिळेल. आत्ता मी जी यादी केली ती कागदावर लिहून न्या, प्रत्येकीपुढे कधीपासून ते लिहा, जाग येऊ नये असं वाटतं हेही लिहा, आणि सरळ विचारा, "मला नैराश्य आहे का, आणि मला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवाल का?" तोंडाने बोलता आलं नाही तर कागद पुढे करा. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, लिहिलेला कागद ते वाचतात.

खाजगी सल्ल्याचा खर्च झेपणार नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा. रांग असेल, अर्धा दिवस जाईल, त्याची रजा आधी काढून ठेवा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. त्यांचा गुण यायला साधारण काही आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत. आणि बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नाहीत. खर्च परवडत नाही हे त्यांना मोकळेपणाने सांगा, स्वस्तातली औषधं लिहून देता येतात. गोळ्यांशिवाय नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही पुष्कळांना बरं वाटतं, तोही पर्याय विचारून पाहा.

त्या बोलण्याच्या उपचारांतला एक मला विशेष जवळचा वाटतो. झिंबाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने तो उभा केला. दवाखान्याच्या आवारात एक बाक, आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेली एखादी आजी. हो, आजीच. त्या वस्तीतल्याच वयस्क आरोग्यसेविका. त्या समोरच्याचं सगळं ऐकून घेतात, मग त्याच्या सगळ्या अडचणींची नावं घेतात, आणि विचारतात, यातली एक कोणती आधी घ्यायची? मग त्या एका अडचणीसाठी पुढच्या भेटीपर्यंत करता येईल असं एक लहान पाऊल दोघं मिळून ठरवतात. राजधानी हरारेमधल्या 24 दवाखान्यांत याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष 2016 मध्ये आले. सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 49.9 टक्के लोकांत उरली होती, बाकावर बसलेल्यांत 13.7 टक्क्यांत.

तुमच्याजवळ तसा बाक नसेल. पण पद्धत वापरता येईल, आणि ती एकटीने न वापरता एका मैत्रिणीला बरोबर घेऊन वापरा. जिचे फोन तुम्ही सर्वांत जास्त वेळा टाळलेत तिलाच निवडा. तिला खरं सांगा: "पैसे नाहीत म्हणून येत नव्हते, तुझा राग नव्हता." फुकटात बसता येईल अशा ठिकाणी भेटा. डोक्यात रात्री जे जे येतं ते कागदावर उतरवा, कर्ज, कंत्राट, भावाची फी, साहेब, सगळं. मग त्यातलं एकच उचला. माझ्या मते ते कर्ज असावं, कारण तुमची झोप त्याने खाल्ली आहे. पहिलं पाऊल अगदी लहान असू द्या. कोणाचं किती देणं आहे आणि त्यावर व्याज किती, एवढंच एका पानावर लिहा. पुष्कळ माणसांना आपल्या कर्जाचा नेमका आकडा माहीत नसतो, भीतीने ते कागद उघडत नाहीत, आणि रात्री मनात येणारा आकडा खऱ्याहून मोठाही असू शकतो. पुढच्या भेटीत, जास्त व्याजाचं देणं कोणतं आणि हप्त्यांची फेररचना कोणाकडे मागता येईल ते पाहा. रात्री जाग आली तर हिशेब करायचा नाही. कागद उशाशी ठेवा, आठवेल ते एका ओळीत टिपा, आणि ते सकाळसाठी राखा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत किंवा कोपऱ्यात बसा, डोळे जड झाले की परत या.

तुमच्यासारखीच पट्टी गळ्यात असलेले बाकीचे कार्यालयात आहेतच. त्यांच्याशी तुमचं कधी बोलणं होतं का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही, शेजारच्या टेबलाचा आहे. आपण बहुतेक जण वर बघून स्वतःला मोजतो, आजूबाजूला बघतच नाही. त्यांच्यातही कोणीतरी रात्री तीनला जागं असणार. सुरुवात करायला मोठं काही लागत नाही. कंत्राट वाढलं की नाही हे निदान महिनाभर आधी कळावं, एवढी एकच मागणी चारसहा जणांनी मिळून लेखी दिली, तरी बरंच झालं. ती मान्य होईलच अशी खात्री मी देत नाही. आणि हे आजच करा असंही म्हणत नाही, आधी झोप आणि डॉक्टर. कामगार संघटनेशी बोलायचं असेल तर तुमच्या कंत्राटात काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या, म्हणजे नोकरीला धक्का न लावता कुठवर जाता येईल ते कळेल.

राहिला आईचा प्रश्न. सांगा. तुम्हाला वाटतं, आधीच नवऱ्याला गमावलेल्या बाईवर आणखी भार कशाला. पण एका घरात राहून रात्री तीनला तुम्ही जाग्या असता हे तिला माहीत नसेल, असं मला वाटत नाही. तिला बहुधा दिव्याचा उजेड दिसतो, ताटात उरलेलं दिसतं, आणि कारण माहीत नसल्याने ती त्याहून भयंकर काहीतरी कल्पून घेत असणार. सगळं एकदम सांगायची गरज नाही. तिला आधी आजाराचं सांगा, कर्जाचं नंतर: "मला काही महिने झोप नाही, जेवण जात नाही, मन लागत नाही. डॉक्टरांना दाखवणार आहे. तू बरोबर ये." भाऊ कॉलेजात जाण्याएवढा मोठा असेल, तर त्यालाही समोर बसवा आणि कर्जाचं ते पान त्यालाही दाखवा. त्याला वाचवायचं म्हणून तुम्ही आजवर सगळं एकटीने उचललंत, पण घरखर्चाचा आकडा कळला म्हणून मुलगा शिकणं सोडेलच असं नाही, उलट घरातलं काहीतरी आपल्या अंगावर घेऊ शकतो. वीजबिल, आईची औषधं, बँकेची एखादी फेरी, असं एक नेमकं काम त्याच्याकडे सोपवा आणि ते त्याने कसं केलं हे तपासत बसू नका.

डॉक्टरांची भेट झाल्यावर मला लिहा. त्यांनी पुन्हा "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं, तर त्याच दिवशी लिहा.